ग्रोक, मेटाव्हर्स, बिग बॉस, अवतार : रोजच्या बोलण्यातले हे शब्द कुठल्या गोष्टींतून आले?

सावेडी, अहिल्यानगर : समजा, संध्याकाळची वेळ आहे आणि गुलमोहर रोडवर चहाच्या टपरीपाशी चार मित्र उभे आहेत. एकजण एक्सवर 'ग्रोक'ला प्रश्न विचारतोय. दुसऱ्यानं व्हॉट्सॲपवर स्वतःचा नवा 'अवतार' बनवलाय आणि तो सगळ्यांना दाखवतोय. तिसऱ्याच्या ओळखीतल्या कुणाचे तरी पैसे गेलेत, त्यामुळं 'सायबर'ला तक्रार करायची का, यावर चर्चा चाललीय. चौथा म्हणतो, "आवरा लवकर, घरी जाऊन 'बिग बॉस' बघायचंय."

चहा संपेपर्यंत या चौघांच्या तोंडून किमान चार शब्द असे गेलेत, ज्यांची नाळ एखाद्या विज्ञानकथेशी किंवा काल्पनिक कादंबरीशी जोडलेली आहे. त्यातले काही शब्द तर गोष्टीतच जन्मले. यंत्र नंतर आलं, ॲप नंतर आलं, कंपनी त्याहून नंतर आली.

यात मजा आहे, पण एक अडचणसुद्धा आहे. यातल्या बहुतेक गोष्टी लेखकांनी धोका दाखवण्यासाठी लिहिल्या होत्या. गोष्टीतून बाजारात येताना शब्द तेवढा आला, धोका मागे राहिला.

हे नेमकं कसं झालं, आणि मराठीत या शब्दांचं काय झालं, ते एकेक करून बघू.

ग्रोक : मंगळावरचा शब्द

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये इलॉन मस्क यांच्या एक्सएआय या कंपनीनं आपला चॅटबॉट आणला आणि त्याचं नाव ठेवलं 'ग्रोक'. भारतात हे नाव घराघरात पोहोचलं ते मार्च २०२५ मध्ये. एक्सवर लोक त्याला डिवचत होते आणि ग्रोक थेट हिंदीत, शिव्यांसकट उत्तरं देत होता. त्याचे स्क्रीनशॉट मराठी ग्रुपांवरही फिरले.

पण 'ग्रोक' म्हणजे काय?

हा शब्द अमेरिकन लेखक रॉबर्ट हाइनलाइन यांनी १९६१ मध्ये आलेल्या 'स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड' या कादंबरीत तयार केला. कादंबरीचा नायक माणूसच आहे, पण तो मंगळवासीयांमध्ये वाढलेला आहे. त्यांच्या भाषेत 'ग्रोक'चा शब्दशः अर्थ 'पिणं'. मंगळावर पाण्याचा तुटवडा असल्यामुळं एकमेकांसोबत पाणी पिणं हे तिथलं सगळ्यात जवळचं नातं. त्यावरून 'ग्रोक'चा पुढचा अर्थ असा होतो की एखादी गोष्ट इतकी समजून घ्यायची की ती आपल्यात आणि आपण तिच्यात विरघळून जावं.

मराठीत याच्या जवळ जाणारे शब्द आधीपासून आहेत. 'अंगात भिनणं' आहे, 'मुरणं' आहे. गाणं भिनतं, लोणचं मुरतं, तसंच माणूस एखाद्या कामात मुरतो. हाइनलाइन यांना परग्रहावर जाऊन जो शब्द आणावा लागला, तो आपल्या स्वयंपाकघरात बरणीत ठेवलेला होता.

कंपनीच्या किती तरी आधी अमेरिकेतल्या प्रोग्रामर लोकांनी हा शब्द उचलला होता. 'मला ही भाषा येते' आणि 'मी ही भाषा ग्रोक करतो' यात ते फरक करायचे. आता तोच शब्द एका यंत्राचं नाव झालाय. एखाद्या गोष्टीशी एकरूप होणं हा त्याचा मूळ अर्थ. त्या नावाचं यंत्र मात्र एका सेकंदात उत्तर देतं आणि कधी कधी ते उत्तर चुकतंही. नाव वाचून विश्वास ठेवणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मेटाव्हर्स आणि सायबर : बिघडलेल्या जगातले पत्ते

२८ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक कंपनीनं आपलं नाव बदलून 'मेटा' केलं. पुढचं जग 'मेटाव्हर्स'मध्ये असेल, चष्मा लावून आपण तिथं मीटिंगा करू, गप्पा मारू, खरेदी करू, असं सांगितलं गेलं. कंपनीनं त्यावर अब्जावधी डॉलर ओतले.

'मेटाव्हर्स' हा शब्द नील स्टीफन्सन यांच्या 'स्नो क्रॅश' या १९९२ च्या कादंबरीतला आहे. तिथलं जग कसं आहे? सरकार जवळपास नावापुरतं उरलंय. वस्त्या, रस्ते, बंदोबस्त, सगळं कंपन्यांच्या ताब्यात गेलंय. नायक माफियासाठी पिझ्झा पोहोचवतो आणि सामान ठेवायच्या गोदामातल्या एका खोलीत राहतो. मेटाव्हर्समध्ये मात्र त्याचं झकास घर आहे. खऱ्या जगात काही उरलं नाही म्हणून लोक चष्मा लावून खोट्या जगात पळतात, ही त्या कादंबरीची मेख आहे.

म्हणजे कंपन्यांचं राज्य आलं तर काय होईल हे दाखवण्यासाठी लेखकानं जो शब्द घडवला, तो जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एकीनं आपल्या स्वप्नाला लावला.

'सायबरस्पेस'ची गोष्टही अशीच. हा शब्द विल्यम गिब्सन यांनी १९८२ मध्ये 'बर्निंग क्रोम' या कथेत वापरला आणि १९८४ च्या 'न्यूरोमॅन्सर' कादंबरीनं तो जगभर नेला. गंमत म्हणजे ही कादंबरी त्यांनी साध्या टाइपरायटरवर लिहिली होती. शब्द कानाला भारी वाटला म्हणून घेतला, तेव्हा त्याला फारसा अर्थ नव्हता, असं त्यांनी स्वतःच नंतर सांगितलंय.

त्यातलं 'सायबर' हे टोक आणखी जुनं आहे. गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ मध्ये 'सायबरनेटिक्स' हे नाव एका नव्या शास्त्राला दिलं. त्याचं मूळ ग्रीक भाषेत आहे आणि अर्थ आहे सुकाणू धरणारा, म्हणजे आपल्याकडचा तांडेल. तिथून हा शब्द विज्ञानकथेत गेला, कथेतून 'सायबर कॅफे'त आला आणि आता 'सायबर पोलीस ठाणे' या पाटीवर स्थिरावलाय. आता तर लोक नुसतं "सायबरला जाऊन ये" एवढंच म्हणतात. सुकाणूधारी ग्रीक नावाडी थेट पोलीस ठाण्यात पोहोचलाय.

बिग बॉस : भीतीचं मनोरंजन कसं झालं?

जॉर्ज ऑर्वेल यांची 'नाइन्टीन एटी-फोर' ही कादंबरी १९४९ मध्ये आली. त्यातल्या देशात पक्षाच्या सदस्यांच्या घरांत 'टेलिस्क्रीन' बसवलेला आहे. तो टीव्हीसारखा दिसतो, पण दोन्ही बाजूंनी चालतो. तुम्ही त्याला बघता, तोही तुम्हाला बघतो आणि ऐकतो. तो बंद करायची सोय सामान्य माणसाला नाही. या सगळ्यावर राज्य करतो 'बिग ब्रदर', म्हणजे थोरला भाऊ. त्याचे डोळे सगळीकडे आहेत.

पन्नास वर्षांनी, १९९९ मध्ये, नेदरलँड्समध्ये एक टीव्ही कार्यक्रम सुरू झाला. एका घरात काही माणसं कोंडायची, जागोजागी कॅमेरे लावायचे आणि त्यांचं चोवीस तासांचं जगणं प्रेक्षकांना दाखवायचं. त्याचं नाव ठेवलं 'बिग ब्रदर'. भारतात तोच कार्यक्रम २००६ मध्ये 'बिग बॉस' म्हणून आला आणि २०१८ पासून मराठीतही सुरू झाला.

'भाऊ'चा 'बॉस' झाला, तेव्हा ऑर्वेलशी असलेला धागाही तुटला. "बिग बॉस चाहते हैं" हे वाक्य आज पोरं एकमेकांना चिडवायला वापरतात. न दिसणाऱ्या आवाजानं हुकूम सोडावा आणि घरातल्यांनी तो निमूट पाळावा, ही मूळ कादंबरीतली सगळ्यात भयंकर कल्पना होती. आपण ती जेवताना बघतो आणि मत द्यायला मोबाईल काढतो.

दरम्यान, आवाज ऐकणारे स्पीकर, रस्त्यावरचे कॅमेरे आणि माईक-कॅमेऱ्याची परवानगी मागणारी ॲप आपल्या घरात कधी आली, ते कळलंही नाही. टेलिस्क्रीन हा शब्द मराठीत कधी आलाच नाही. वस्तू मात्र आली.

रोबोट की वेठबिगार?

एखादा शब्द भाषांतरात काय गमावतो, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण 'रोबोट' हे आहे.

चेक लेखक कारेल चापेक यांनी १९२० मध्ये 'आर.यू.आर.' हे नाटक लिहिलं. त्यात कारखान्यात माणसासारखे कामगार तयार केले जातात. त्यांना काय म्हणायचं, हे कारेल यांना सुचेना. त्यांचे चित्रकार भाऊ योसेफ यांनी 'रोबोट' हा शब्द सुचवला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदारासाठी सक्तीनं करावी लागणारी फुकटची मजुरी.

याला मराठीत नेमका शब्द आहे : वेठबिगारी. म्हणजे 'रोबोट'चं सरळ मराठी 'वेठबिगार' असं झालं असतं. आपण केलं 'यंत्रमानव'. शब्द छानच आहे, शाळेच्या पुस्तकातही बसला. पण त्यात यंत्र आलं, मानव आला आणि वेठ गळून पडली. चापेक यांना यंत्राबद्दल जितकं बोलायचं होतं, तितकंच राबवून घेणाऱ्या मालकाबद्दलही बोलायचं होतं. नाटकाच्या शेवटाकडं हे राबणारे उठाव करतात, तो त्याचमुळं.

आज एआय आपलं काम खाणार का, यावर वाद चाललाय. या वादातला अर्धा प्रश्न, म्हणजे कोण कुणाकडून कशा अटींवर काम करून घेतंय हा प्रश्न, शंभर वर्षांपूर्वी या एका शब्दात बसवलेला होता.

अवतार : नगरकरांचा ओळखीचा शब्द, जगाची वारी करून आलेला

आता एक शब्द असा, जो इथूनच बाहेर गेला आणि नवं रूप घेऊन परत आला.

'अवतार' म्हणजे खाली उतरणं. देव पृथ्वीवर उतरतो तो अवतार. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत गेला. १९८५ मध्ये 'अल्टिमा ४' या कॉम्प्युटर गेममध्ये खेळाडूनं 'अवतार' व्हायचं असतं. त्याच सुमारास ल्युकासफिल्मच्या 'हॅबिटॅट' या ऑनलाइन खेळात पडद्यावरच्या खेळाडूच्या चित्राला 'अवतार' म्हटलं गेलं. पुढं 'स्नो क्रॅश'नं हा वापर सगळीकडं नेला. २००९ मध्ये जेम्स कॅमेरून यांच्या सिनेमानं उरलेलं काम केलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये व्हॉट्सॲपनं अवतार बनवायची सोय दिली.

अर्थाचा प्रवास नीट बघितला तर तर्क पक्का आहे. देव जसा आपलं जग सोडून मानवी देह घेऊन खाली उतरतो, तसा माणूस आपलं जग सोडून पडद्यातला देह घेऊन आत उतरतो.

मराठीत या शब्दाला तिसरंही अंग आहे. "काय हा अवतार करून घेतलायस!" असं आई म्हणते, तेव्हा त्यात देव नसतो आणि गेमही नसतो. विस्कटलेले केस असतात.

नगरच्या माणसाला मात्र 'अवतार' म्हटलं की आणखी एक गोष्ट आठवते. सावेडी शहराच्या उत्तर अंगाला, तर दक्षिणेला दौंड रस्त्यावर अरणगावजवळ मेहेराबाद आहे. तिथं अवतार मेहेर बाबांची समाधी आहे. मेहेर बाबांनी १० जुलै १९२५ पासून मौन धरलं आणि ते १९६९ मध्ये देह ठेवेपर्यंत पाळलं. सुरुवातीला काही काळ ते लिहीत. मग इंग्रजी अक्षरांच्या फळीवर बोट ठेवून बोलत. १९५४ मध्ये त्यांनी ती फळीही सोडली आणि नुसत्या हातांच्या खुणांवर आले.

याचा विज्ञानकथेशी काय संबंध? तर 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडचे पीट टाउनशेंड हे मेहेर बाबांचे अनुयायी. १९७० ते ७१ च्या सुमारास त्यांनी 'लाइफहाउस' नावाचा एक प्रकल्प हाती घेतला. ती होती विज्ञानकथा. प्रदूषणामुळं लोक घराबाहेर पडू शकत नाहीत, अंगावर एक खास पोशाख चढवून ते 'ग्रिड' नावाच्या जाळ्याला जोडलेले असतात आणि जगण्याचे अनुभव त्या जाळ्यातूनच त्यांच्यापर्यंत पोहोचतात.

तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हतं, पर्सनल कॉम्प्युटरही नव्हता. प्रकल्प इतका गुंतागुंतीचा झाला की तो बारगळला. त्यातली गाणी १९७१ च्या 'हूज नेक्स्ट' या अल्बममध्ये गेली. त्यातलं पहिलंच गाणं 'बाबा ओ'रायली'. यातले 'बाबा' म्हणजे मेहेर बाबा आणि 'रायली' म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. पुढं 'सीएसआय : न्यूयॉर्क' या मालिकेचं शीर्षकगीत म्हणून ते जगभर वाजलं.

'ग्रिड' हा शब्द त्या अर्थानं चालला नाही. त्या जागी 'नेट' आलं. पण २०२० च्या लॉकडाउनमध्ये घरात कोंडलेल्या जगानं ती गोष्ट बऱ्यापैकी जगून बघितली.

जिथं शब्द हरला आणि कल्पना जिंकली

नगरहून कल्याण रोडनं आळेफाट्याला गेलं आणि तिथून पुण्याच्या दिशेला वळलं की नारायणगाव लागतं. त्याच्याजवळच्या आर्वी गावात १९७१ मध्ये भारताचं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. परदेशी फोन आणि संदेश तिथून उपग्रहामार्फत जाऊ-येऊ लागले.

या तंत्रामागची कल्पना एका विज्ञानकथा लेखकानं मांडली होती. ऑक्टोबर १९४५ मध्ये आर्थर सी. क्लार्क यांनी 'वायरलेस वर्ल्ड' या इंग्लंडमधल्या मासिकात एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं : पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर एखादी वस्तू फिरत ठेवली, तर तिची फेरी आणि पृथ्वीची फेरी एकाच वेळात पूर्ण होते. त्यामुळं खालून बघताना ती आकाशात एका जागी खिळल्यासारखी दिसते. अशा तीन चौक्या समान अंतरावर ठेवल्या, तर जवळपास सगळ्या जगात संदेश पोहोचतील.

क्लार्क यांनी या चौक्यांना 'एक्स्ट्रा टेरेस्ट्रियल रिले' म्हटलं होतं, म्हणजे पृथ्वीबाहेरचे टप्पे. पूर्वी डाक नेणारे हरकारे ठरावीक टप्प्यावर बदलायचे, तीच पद्धत आकाशात. हे नाव काही रुजलं नाही. कल्पना मात्र अशी रुजली की त्या कक्षेला आज 'क्लार्क कक्षा' म्हणतात. पेटंट न घेतल्यामुळं आपण फावल्या वेळात अब्ज डॉलर कसे घालवले, यावर क्लार्क यांनी पुढं एक मिश्कील लेखही लिहिला.

१९७५-७६ मध्ये भारतानं नासाचा उपग्रह वर्षभर उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही दाखवला. त्या प्रयोगाच्या वेळी क्लार्क यांच्या कोलंबोतल्या घरावर भारताकडून एक डिश बसवून देण्यात आली होती.

जून २०२५ मध्ये स्टारलिंकला भारतात उपग्रहावरून इंटरनेट देण्याचा परवाना मिळाला. तिचे उपग्रह क्लार्क कक्षेत नाहीत, ते फार खाली, साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात. पण आकाशात चौक्या ठेवून गावागावात संदेश पोहोचवायचा, हे सूत्र तेच.

त्या डिशला आपल्याकडं काय म्हणतात? छत्री. "छत्री हलली, चित्र गेलं." हा शब्द कुठल्या समितीनं दिला नाही, कुठल्या लेखकानंही नाही. गच्चीवर चढून डिश फिरवणाऱ्या माणसानं तो दिला.

मग मराठीनं काय केलं?

मराठीत शब्द घडवायचे तीन रस्ते दिसतात.

पहिला रस्ता पुराणातून येतो. 'आकाशवाणी' हा शब्द कंसाच्या गोष्टीतला. देवकीचा आठवा मुलगा तुला मारेल, हे त्याला आकाशवाणीनं सांगितलं. १९३५ मध्ये मैसूरचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी घरी चालवलेल्या रेडिओ केंद्राला हे नाव मिळालं आणि १९५० च्या दशकात ते ऑल इंडिया रेडिओनं घेतलं. मे २०२३ मध्ये तर इंग्रजीतही 'आकाशवाणी'च म्हणायचं, असं ठरलं. जुन्या गोष्टीतला शब्द नव्या यंत्राला देणं, ही युक्ती आपल्याकडं 'ग्रोक'च्या कितीतरी आधी झालेली आहे.

दुसरा रस्ता कोशातून येतो. दूरध्वनी, दूरदर्शन, नभोवाणी अशा अनेक शब्दांचं श्रेय सावरकरांच्या भाषाशुद्धी चळवळीला दिलं जातं. पुढं शासनानं परिभाषा कोश केले. यातला 'संगणक' टिकला. 'दूरदर्शन' एका वाहिनीचं नाव होऊन बसलं. 'दूरध्वनी' लेटरहेडवर राहिला, 'भ्रमणध्वनी' लग्नपत्रिकेवर. 'आंतरजाल' लेखात भेटतं, बोलण्यात नाही. टपरीवर उभं राहून कुणी "तुझा भ्रमणध्वनी दे" म्हणत नाही.

तिसरा रस्ता कथांचा, वर्तमानपत्रांचा आणि रस्त्याचा. १९४७ मध्ये अमेरिकेत केनेथ अर्नोल्ड या वैमानिकानं आकाशात विचित्र वस्तू पाहिल्याचा दावा केला आणि तिथल्या वर्तमानपत्रांनी 'फ्लाइंग सॉसर' हा शब्द केला. मराठीत त्याची झाली 'उडती तबकडी'. सॉसर म्हणजे बशी, पण 'उडती बशी' म्हटलं असतं तर लोक हसले असते. तबकडीत गोलपणा आहे, चकाकी आहे आणि ग्रामोफोनच्या तबकडीमुळं फिरण्याची आठवणही आहे.

याच रस्त्यावर जयंत नारळीकर भेटतात. 'ब्लॅक होल' हा शब्द जॉन व्हीलर यांनी १९६७ मध्ये जगभर रूढ केला. त्यानंतर सातच वर्षांत, १९७४ मध्ये, मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा पहिली आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. हे टोपणनाव होतं. ज. वि. ना. ही आपली अक्षरं नारळीकरांनी उलटी फिरवली होती, म्हणजे नावाकडं बघून कुणी बक्षीस देऊ नये. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले, तेव्हा मराठी सोशल मीडियावर आलेल्या श्रद्धांजलीत 'कृष्णविवर' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागला नाही. कोशातला शब्द पाठ करावा लागतो, गोष्टीतला शब्द आपोआप लक्षात राहतो.

शेवटी ठरवतात ते बोलणारे. या शहराचं नाव २०२४ मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. ते कागदावर आलं, पाट्यांवर आलं. एसटीत बसलेला माणूस मात्र अजूनही अनेकदा "एक नगर द्या" एवढंच म्हणतो. ते कधी बदलेल आणि बदलेल का, हे कंडक्टर आणि प्रवासी मिळून ठरवतील. यंत्रांच्या नावांचंही तसंच आहे.

यात आपलं काय जातं?

शब्द कुठून आला याची माहिती परीक्षेत विचारली जाते, खिशाला त्यानं काय फरक पडतो, असं वाटू शकतं. फरक पडतो.

'डिजिटल अरेस्ट' हा शब्द बघा. व्हिडिओ कॉल येतो. समोर वर्दीतला माणूस, मागे कार्यालयासारखं दृश्य. "तुमच्या नावानं पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, कॅमेरा बंद करायचा नाही, घराबाहेर पडायचं नाही." आणि शिकलेली, नोकरी करून निवृत्त झालेली माणसंसुद्धा तासन् तास कॅमेऱ्यासमोर बसून राहतात आणि आयुष्याची पुंजी वळती करतात.

भारतीय कायद्यात 'डिजिटल अरेस्ट' नावाचा प्रकारच नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितलं. हा शब्द पूर्णपणे गोष्टीतला आहे. ही गोष्ट कादंबरीकारानं नाही, भामट्यांनी लिहिली, एवढाच फरक. बंद न करता येणारा पडदा आणि त्यातून हुकूम सोडणारा आवाज हे ऑर्वेल यांनी १९४९ मध्ये लिहून ठेवलेलंच दृश्य आहे.

शब्द खरा वाटला की त्याच्या मागची गोष्ट खरी वाटते. 'सायबर'सारखा गोष्टीतून आलेला शब्द पोलीस ठाण्याच्या पाटीवर दिसतो, तर 'डिजिटल अरेस्ट' का नसेल, असं घाबरलेल्या माणसाला वाटणं साहजिक आहे. म्हणूनच तंत्रज्ञानातला नवा शब्द कानावर पडला की तीन प्रश्न विचारून बघावेत.

एक, हा शब्द केला कुणी? लेखकानं, कंपनीनं, सरकारनं की कॉल करणाऱ्या अनोळखी माणसानं?

दोन, मूळ गोष्टीत तो चांगल्या अर्थानं होता की वाईट? मेटाव्हर्स, बिग ब्रदर आणि रोबोट या तिन्हींचं उत्तर एकच येतं.

तीन, हे साध्या मराठीत कसं सांगता येईल? 'तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय' याचं साधं मराठी असं : 'एक अनोळखी माणूस फोनवरून सांगतोय की घरात बसून राहा आणि पैसे पाठव.' एवढं म्हटलं की भीतीतली अर्धी हवा निघून जाते.

असा फोन आलाच तर तो कापायचा आणि १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायची. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना हा नंबर आजच सांगून ठेवा. आणि त्यांना 'सायबर' म्हणजे काय ते विचारू नका. 'छत्री' म्हणजे काय, ते त्यांना आपल्यापेक्षा आधी कळलं होतं.